पोचवही

आमच्या ऑफिसात पुठ्ठ्याच्या बांधणीची एक लांबट वही होती. नकाशे पोचवणारे आमचे मामा रोल घेऊन बाहेर पडले की ती त्यांच्या काखेत असायची. कुणाला दिलं, कोणते कागद, किती प्रती, तारीख, आणि पुढे घेणाऱ्याची सही. आम्ही तिला पोचवही म्हणायचो. ऑफिसातला कागद बंद करायचं मी ठरवलं तेव्हा केलेल्या यादीत प्रिंट होते, बिलं होती, पावत्या होत्या, चेक होते. ही वही यादीत नव्हती. पुढच्या दीड-दोन वर्षांत जे जे अडलं, ते बहुतेक या वहीपाशीच येऊन अडलं.

आम्ही चार माणसं. घरांची आणि दुकानांची वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे बांधकामासाठीचे नकाशे, काढून देणं हा आमचा व्यवसाय. साधारण घराचा एक संच २४ कागदांचा होतो, सगळे ए-वन आकाराचे. ए-झिरो म्हणजे एक चौरस मीटर आणि ए-वन त्याच्या निम्मा, त्यामुळे ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा, एक कागद ४० ग्रॅम भरतो. एक संच जवळपास किलोभर. त्याच्या तीन प्रती : मालकाला, ठेकेदाराला आणि साइटवर. एक खिडकी सरकली की चार-पाच कागद पुन्हा काढायचे, पुन्हा तीन-तीन प्रती, पुन्हा मामांची फेरी.

एकदा बदललेला कागद साइटवर पोचायला दोन दिवस लागले आणि तेवढ्यात जुन्या कागदाप्रमाणे भिंत उभी राहिली. ती पाडावी लागली. गवंड्याची चूक नव्हती, मालकाची नव्हती, मामांचीही नव्हती. त्या संध्याकाळी मी ठरवलं की नकाशे आता फाइलनेच जातील. आणि नकाशे फाइलने जाणार असतील तर बिलंही तशीच जावीत, पैसेही खात्यातच यावेत.

पहिला महिना हुरूप होता. सगळे नकाशे पीडीएफ करून मेलने पाठवायला लागलो. पीडीएफ १९९३ पासून आहे आणि २००८ साली तो आयएसओ या जागतिक मानक संस्थेचा खुला मानक झाला, त्यामुळे समोरच्याकडे कुठलंही मशीन असलं तरी फाइल उघडेल, अशी माझी खात्री होती. फाइल उघडायचीही, पण ती समोरच्यापर्यंत पोचतच नव्हती. आमच्या मेलची मर्यादा २५ एमबी. २० एमबीचा संच त्यात आरामात बसायला हवा, तरी परत यायचा. शोधल्यावर कळलं की मेलमधून जाताना जोडलेली फाइल अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. वीसची फाइल मर्यादेबाहेर जाते ती अशी. मग आम्ही संचाचे तुकडे करून तीन-तीन मेल पाठवायला लागलो, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. कुणी पहिला मेल उघडला, कुणी तिसरा, आणि दुसरा तसाच पडून राहिला.

एका दुकानाच्या कामात सुताराने भिंतीतल्या खाचेत बसवायचं कपाट तयार करून आणलं आणि ते ७२ मिलिमीटर आखूड निघालं. खाच २४०० मिलिमीटरची, कपाट २३२८ चं. साइटवरच्या मुलाने आमची फाइल छपाईला दिली होती आणि छापताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं होतं. प्रिंटरने कडेची जागा सोडण्यासाठी नकाशा तीन टक्क्यांनी लहान केला. तीन टक्के डोळ्यांना दिसत नाहीत. त्या खाचेचं माप आम्ही नकाशात आकड्यात लिहिलेलं नव्हतं, म्हणून सुताराने पट्टी लावून मोजलं. ऑफिसातून प्रिंट जायचे तेव्हा छपाई आमच्या हातात होती आणि एक ते पन्नास हे प्रमाण म्हणजे एक ते पन्नासच असायचं. फाइल दिली त्या दिवशी छपाईवरचा आमचा ताबा सुटला आणि ते आमच्या लक्षात आलं नाही.

कपाटाचा खर्च आम्ही सोसला. माप लिहायचं राहिलं ही चूक आमची होती. तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या तळाशी एक रेघ असते आणि तिच्याखाली लिहिलेलं असतं : ‘छापल्यावर ही रेघ १०० मिमी भरली पाहिजे. भरत नसेल तर या कागदावर पट्टी लावू नये.’ आणि ज्यावरून कुणी काही बनवणार आहे असं एकही माप आकड्याशिवाय जात नाही. ए-वनचा कागद ए-थ्रीवर छापला तर सगळं बरोबर निम्मं होतं, ते निदान लगेच कळतं. दोन-तीन टक्क्यांचा फरकच माणसाला फसवतो.

याच सुमारास मामा एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या फेऱ्या जवळजवळ थांबल्या होत्या आणि ते अस्वस्थ होते, हे मला दिसत होतं. ते म्हणाले, “ताई, परवाचा नकाशा साइटवर कुणी बघितलाच नाहीये. मी फोन केला होता सहज.” मी म्हटलं, मेल गेलाय, मी स्वतः पाठवलाय. तर ते म्हणाले, “गेलाय हो. पण सही कुणाची आहे?”

मी निरुत्तर झाले. पाठवलेल्या मेलची नोंद माझ्याकडे होती, मिळाल्याची नव्हती. पोचवहीत सहीच्या रकान्याचं काम नेमकं तेच होतं. शिवाय वहीत न लिहिलेली एक गोष्ट मामा नेहमी करायचे. नवा कागद दिला की जुना मागून घ्यायचे आणि ऑफिसात आणून त्यावर आडवी रेघ मारायचे. त्यामुळे साइटवर एका वेळी एकच कागद असायचा. आता साइटवरच्या फोनमध्ये एकाच मजल्याच्या सहा फाइली होत्या आणि त्यातली चालू कोणती हे फक्त आम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते काम मामांकडेच दिलं. स्प्रेडशीटमध्ये पोचवही उघडली. रकाने जुनेच ठेवले, दोन वाढवले : ‘कोणत्या नकाशाच्या जागी’ आणि ‘पोच कशी मिळाली’. फाइली मेलला जोडणं बंद केलं. प्रत्येक कामाचं एकच ठिकाण, तिथे चालू संच, आणि जुने सगळे ‘रद्द’ नावाच्या फोल्डरमध्ये. मेलमधून फक्त दुवा जातो आणि खाली एक ओळ : ‘मिळाला, आर-३’ एवढंच उत्तर पाठवावं. आर-३ म्हणजे आवृत्तीचा क्रमांक. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर मामा फोन करतात. मेल उघडल्याची आपोआप खूण देणारी सोयही वापरून पाहिली, पण ती भरवशाची नाही. ती मेलमधल्या एका लपलेल्या चित्रावर चालते, त्यामुळे समोरच्याचं मशीन चित्रं अडवत असेल तर वाचलेला मेलही न वाचलेला दिसतो, आणि कधी माणसाने न बघताच मशीन तो उघडून ठेवतं. माणसाने पाठवलेलं उत्तर हीच पोच मानायची, असं आम्ही ठरवून टाकलं.

फाइलींच्या नावांवर आठवडाभर चर्चा झाली. शेवटी क्रम ठरला तो असा : कामाचा क्रमांक, कागदाचा क्रमांक, आवृत्ती, तारीख. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओचा तारखेचा मानकही हाच आहे आणि त्याचा खरा उपयोग म्हणजे नावाप्रमाणे लावल्या की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. आवृत्तीला फक्त आकडा. ‘अंतिम’ हा शब्द नावात वापरायला बंदी केली.

तरी साइटवरच्या छापील कागदाचं काय करायचं हा प्रश्न उरला. फाइल कितीही नीट ठेवली तरी गवंड्याच्या हातात शेवटी कागदच असतो आणि असायलाही हवा. भर उन्हात, चुन्या-सिमेंटच्या हाताने फोनवर नकाशा मोठा-लहान करत कुणी वीट लावत नाही. ‘पूर्ण पेपरलेस’ हा हट्ट मी तिथे सोडला. त्याऐवजी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड टाकला. तो स्कॅन केला की आमच्याकडचं त्या कागदाचं पान उघडतं आणि त्यावर ‘हा कागद चालू आहे’ किंवा ‘हा रद्द झाला, नवा इथे आहे’ असं मोठ्या अक्षरांत दिसतं. क्यूआर कोडमध्ये चूक दुरुस्त करण्याच्या चार पातळ्या असतात. आम्ही सगळ्यात वरची घेतली, कारण तिच्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. साइटवर तिचा उपयोग रोज होतो. सिमेंटचे शिंतोडे उडालेले, घडी पडून झिजलेले कागदही आजवर वाचले गेले आहेत.

सहीचा प्रश्न वेगळाच निघाला. आधी मी माझ्या सहीचं चित्र करून नकाशाच्या कोपऱ्यात चिकटवत असे. एका कामात ते चित्र कुणीतरी उचलून दुसऱ्याच, बदललेल्या नकाशावर लावलं. एका खांबाची जागा हलवलेली आणि खाली माझी सही. कामाला सुरुवात होण्याआधी ते उघडकीला आलं म्हणून निभावलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या सहीवर कुणाच्या तरी डोक्यावरचं छत उभं राहतं. तेव्हा डिजिटल सही घेतली. तिच्यात सहीचं चित्र महत्त्वाचं नसतं. फाइलच्या मजकुरावरून एक ठसा काढला जातो आणि तो माझ्या खासगी किल्लीने बंद होतो. नंतर फाइलमध्ये एक रेघ जरी हलली तरी उघडणाऱ्याला सही झाल्यानंतर बदल झाल्याची सूचना दिसते. मात्र तीच फाइल छापली की कागदावर काहीच उरत नाही, फक्त चित्र दिसतं. म्हणून छापील कागदाची खात्री क्यूआरच्या पानावरून आणि फाइलची खात्री सहीवरून, असे दोन वेगळे रस्ते ठेवावे लागतात. हे ग्राहकाला एकदा समोर बसवून दाखवावं लागतं, नुसतं लिहून कळवून भागत नाही.

आता पैशांकडे येते. चेकला वेळ लागायचा, वटायची वाट बघावी लागायची, पण चेकबरोबर एक चिठ्ठी असायची : अमुक बिलापोटी. खात्यात थेट आलेल्या रकमेला ती चिठ्ठी नसते. बँकेच्या उताऱ्यात फक्त आकडा आणि अर्धवट कापलेलं नाव. आमचे बरेचसे हप्ते सारखे असल्याने एकाच रकमेच्या तीन जमा एका आठवड्यात आल्या आणि त्यातली एक आम्ही चुकीच्या नावावर धरली. ज्यांनी पैसे दिले होते त्यांनाच थकबाकीचं स्मरणपत्र गेलं, तेही दोनदा. ते गृहस्थ वयाने मोठे, आमच्याकडे पहिल्यापासून काम देणारे. त्यांनी रागाने काही म्हटलं नाही, फक्त उतारा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘कृपया पाहावे.’ मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.

आता बिलावर पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत असतं : ‘पैसे पाठवताना शेऱ्यात हा क्रमांक लिहावा.’ दहातले दोन-तीन जण तरीही लिहीत नाहीत, म्हणून रोज सकाळी पहिला अर्धा तास जमा आणि बिलं जुळवण्याचा असतो. जे जुळत नाही ते अंदाजाने कुणाच्याही नावावर टाकायचं नाही, ‘अनोळखी जमा’ म्हणून वेगळं ठेवायचं आणि विचारायचं. जुळलं की त्याच दिवशी पावती. पावती आली की समोरच्याला कळतं की पैसे योग्य जागी पोचले. ही पैशांची पोच, आणि तिचाही रकाना आता मामांच्याच वहीत आहे. परगावच्या, परदेशातल्या ग्राहकांकडून मधल्या बँकेचे आकार (शुल्क) कापून रक्कम कमी यायची आणि बिल तेवढ्याने उघडं राहायचं. ते आकार कोणी सोसायचे हे आता कामाच्या करारातच लिहिलेलं असतं.

एका दुपारी एका ग्राहकाकडच्या हिशेब बघणाऱ्या बाईंचा फोन आला : “तुमचं खातं बदललंय का हो?” मी नाही म्हटलं. त्यांनी मेल पुढे पाठवला. आमचंच बिल, आमचंच बोधचिन्ह, क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, फक्त खातं वेगळं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं. कुणीतरी कुठल्या तरी मेलबॉक्समध्ये शिरून आमचा व्यवहार वाचत होतं आणि बिलाची तारीख येण्याची वाट बघत होतं. रक्कम मोठी होती. त्या बाईंनी मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन न करता त्यांच्या जुन्या डायरीतल्या नंबरवर केला, म्हणून पैसे वाचले. त्यांचे आभार मानायला शब्द पुरले नाहीत. त्याच दिवशी आमच्या सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावली, पासवर्ड बदलले, आणि प्रत्येक बिलाखाली वाक्य आलं : ‘आमचं खातं बदलल्याचं आम्ही मेलने कधीही कळवत नाही. असा मेल आला तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा.’ छोट्या व्यवसायात पैसे खात्यात घ्यायला सुरुवात करणाऱ्यांनी हे वाक्य पहिल्या बिलापासून टाकावं, असं मी पुनःपुन्हा सांगते.

रोल होते तेव्हा आणखी एक गोष्ट सहज व्हायची. शेवटचा हप्ता आणि सही-शिक्क्याचा संच यांची देवाणघेवाण एकाच टेबलावर व्हायची. फाइल एकदा गेली की परत मागता येत नाही. सुरुवातीला दोन ठिकाणी आमचे शेवटचे हप्ते बुडाले. आता आधी जातो तो संच ‘तपासणीसाठी’ असा आडवा पट्टा असलेला, आणि सहीचा संच हप्ता जमा झाल्यावर. पण एक मर्यादा मी घालून घेतली आहे. काम चालू असताना ज्या कागदावाचून साइटवर माणसं बसून राहतील, तो कागद मी पैशांसाठी अडवत नाही. मालकाने हप्ता थकवला म्हणून गवंड्याचा रोज बुडावा हे मला पटत नाही. काम चालू असताना अडवते ती फक्त संपादन करता येणारी मूळ फाइल. ती द्यायची की नाही, कधी आणि किती मोबदल्यात, हे आता करारात आधीच ठरतं.

जुनी कपाटं रिकामी करायला चार महिन्यांच्या दुपारी लागल्या. बिलं, पत्रं ३०० डीपीआयवर स्कॅन केली. जुने पेन्सिलीचे नकाशे पहिल्यांदा नुसत्या काळ्या-पांढऱ्यात केले आणि बारीक रेघा गायब झाल्या. मग ते सगळे करड्या छटांमध्ये पुन्हा केले. हस्ताक्षरातले शेरे मशीनला वाचता येईनात, म्हणून त्यांची सूची हाताने टंकली. थर्मल कागदावरच्या पावत्यांना उशीर झाला होता. तो कागद उष्णतेने काळा होणाऱ्या रसायनाचा असतो, शाई नसतेच, आणि काही वर्षांत अक्षरं विरून जातात. बऱ्याच पावत्या कोऱ्या निघाल्या. आता अशी पावती हातात आली की त्याच दिवशी तिचं स्कॅन होतं. काय ठेवायचं आणि किती वर्षं, हे हिशेबनीस आणि वकील दोघांना विचारूनच ठरवलं. मूळ करार आणि सही-शिक्क्याचे मंजूर नकाशे दोन पेट्यांमध्ये ठेवले आहेत. ते हलवायचे नाहीत.

सगळं ऑनलाइन एका फोल्डरमध्ये आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, हा माझा समज होता. ऑफिसातल्या मुलीने लॅपटॉपवर जागा करायला एका पूर्ण झालेल्या कामाचा फोल्डर काढून टाकला आणि तो सगळ्यांच्या मशीनवरून गेला. सिंकचं कामच ते आहे, एका ठिकाणी जे होतं ते सगळीकडे करणं. अकराव्या दिवशी लक्षात आलं. त्या सेवेच्या कचरापेटीत ३० दिवस वस्तू राहते म्हणून मिळाला. त्यानंतर तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर, हा नियम घातला. महिन्यातून एकदा कुठलंही एक जुनं काम त्या बाहेरच्या प्रतीतून प्रत्यक्ष उघडून बघतो. पहिल्याच वेळी दोन फाइली नीट उघडल्या नाहीत, कारण फॉन्ट फाइलमध्ये नव्हता आणि देवनागरीच्या जागी चौकोन दिसत होते. तेव्हापासून जपून ठेवायचे संच पीडीएफ-ए या दीर्घकाळ जपणुकीसाठीच्या प्रकारात करतो. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असावा लागतो.

ग्राहकांपैकी दोघे अजून कागदच घेतात. एकांना पडद्यावर वाचता येत नाही, दुसऱ्यांच्या साइटवर नेट नाही. त्यांच्यासाठी आम्ही प्रिंट काढतो, कोपऱ्यात क्यूआर असतोच. बुधवारी मामा ते घेऊन जातात. पुठ्ठ्याची वही आता त्या दोघांपुरतीच उरली आहे. जुना कागद हातात आल्याशिवाय मामा नवा देत नाहीत. परवा साइटवर जुना सापडेना, तर तो शोधून होईपर्यंत ते तासभर तिथेच बसून राहिले.